नवव्या झेंड्याची जागा

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
क्रीडा कार्यालय, दुसरा मजला,
खोली क्रमांक १४ (गेल्या महिन्यापर्यंत खोली क्रमांक ९)

विषय : ओरिएंटिअरिंग स्पर्धेच्या नोंदवहीत माझ्यासमोर लिहिलेला 'हरवली' हा शेरा खोडून मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे पत्र, जे मला न पाठवता माझ्या मुलाला पाठवले.
२) माझे यापूर्वीचे तीन अर्ज, जे आपल्या कार्यालयात सापडत नाहीत.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, माझे वय एकोणसाठ असून मी शाळांचे गणवेश शिवते. बाजाराच्या मागच्या गल्लीत माझे दोन मशिनांचे दुकान आहे आणि लोक मला गणवेशवाल्या काकू म्हणतात. अठ्ठावीस वर्षे कात्री चालवते आहे. माझे माप चुकले तर चाळीस पोरांच्या बाह्या आखूड होतात आणि दुसऱ्या दिवशी चाळीस आया दारात उभ्या राहतात. आपल्या कार्यालयात चूक झाली की दारात कोणी उभे राहत नाही, कारण दार कोणते हेच कोणाला कळत नाही. हा चौथा अर्ज असल्यामुळे थोडे स्पष्ट लिहिते. राग मानू नये, आणि मानल्यास माझी हरकत नाही.

२. आपण या खेळाचे अधिकारी आहात म्हणजे आपल्याला खेळ माहीत असेल, असे मी आधीच्या तीन अर्जांत गृहीत धरले होते. ती चूक सुधारते. ओरिएंटिअरिंग म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानातल्या ठरलेल्या जागा ओळीने शोधत जाण्याचा खेळ. नकाशावर सुरुवातीला त्रिकोण असतो, मग क्रमांक घातलेली वर्तुळे आणि शेवटी दुहेरी वर्तुळ. प्रत्येक वर्तुळाच्या बरोबर मधोमध जे काही असेल, म्हणजे खडक, ओढ्याचे वळण, कुंपणाचा कोपरा, तिथे अर्धा पांढरा आणि अर्धा नारिंगी असा कापडी झेंडा असतो आणि सोबत एक टोचणी. टोचणीने आपल्या कार्डाला भोके पाडायची आणि पुढच्या जागेला लागायचे. कोणत्या वाटेने जायचे हे कोणी सांगत नाही. झेंडा लांबून दिसू नये अशीच त्याची जागा निवडलेली असते, कारण जागा नकाशावरून शोधायची असते, झेंड्यावरून नाही. हे वाक्य कृपया दोनदा वाचावे. पुढची सगळी घाण इथूनच सुरू झाली आहे.

३. या खेळात मी आले ती झेंड्यांमुळे. आमच्या ओरिएंटिअरिंग मंडळाचे सर, जे निवृत्त भूगोल शिक्षक आहेत, त्यांनी चोवीस झेंडे माझ्याकडे शिवायला टाकले होते. मापे घेताना त्यांच्या हातातला नकाशा माझ्या टेबलावर पसरला. त्यावरच्या तपकिरी रेषा दाखवून त्यांनी हे काय वाटते म्हणून विचारले. मी म्हटले, चुण्या घातल्यात. जिथे जवळजवळ घातल्यात तिथे कापड उभे राहणार. त्या चढाच्या रेषा होत्या. सर म्हणाले, "काकू, तुम्हाला अर्धं येतंच आहे." उरलेले अर्धे शिकायला चौदा महिने लागले आणि अजून लागतील. माझा पाय हळू आहे. सहा स्पर्धांत मी पाच वेळा शेवटची आले आणि एकदा शेवटून दुसरी, तेही एका गृहस्थांचा पाय मुरगळला म्हणून. पण एकही झेंडा कधी सोडला नाही.

४. सरावात मी चार वेळा खरोखर हरवले आहे. ते लपवत नाही. या खेळात ती लाजेची गोष्ट नाही. पहिला येणाराही हरवतो, फक्त लवकर भानावर येतो. हरवले की तोंडाला कोरड पडते. नकाशातला प्रत्येक ओढा समोरच्या ओढ्यासारखा दिसायला लागतो, आणि माणूस आपल्या मनाची समजूत घालत चुकीच्या दिशेला आणखी जोरात चालतो. चारही वेळा मी थांबले, नकाशा उत्तरेला लावला, शेवटच्या ओळखीच्या जागी परत गेले आणि तिथून पुन्हा निघाले. तेव्हा हरवणे कशाला म्हणतात याची मला चांगली ओळख आहे. स्पर्धेच्या दिवशी ते झाले नव्हते.

५. स्पर्धेच्या दिवशी काय झाले ते आपल्या कार्यालयाच्या लिपिकांनी मला स्वतःच नंतर सांगितले, पाण्याच्या पिंपाजवळ, हसत हसत. आदल्या दिवशी सरांनी सगळे झेंडे नकाशाप्रमाणे लावले होते. सकाळी आपण मांडवात आलात, रानाकडे पाहिले आणि म्हणालात की झेंडे कुठेच दिसत नाहीत, प्रमुख पाहुण्यांना काय दाखवायचे? आपला शब्द खाली पडू नये म्हणून लिपिक गेले आणि रस्त्याला त्यातल्या त्यात जवळ असलेला नववा झेंडा त्यांनी घळीतून उपटला. टोचणीसकट तो रस्त्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यापाशी आणून रोवला, मांडवाकडे तोंड करून. जुनी जागा आणि नवी जागा यांत दीडशे मीटरचे अंतर आहे. सरांना सांगितले का, असे मी विचारले. "सांगायचं काय त्यात? उलट आम्ही सोपं करून दिलं," असे ते म्हणाले. माझ्या दुकानात कोणी गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून शर्टाचा खिसा पाठीवर लावला असता तर त्याला मी त्याच दिवशी घरी पाठवले असते.

६. माझ्या आधी सुटलेल्या बेचाळीस स्पर्धकांना नववा झेंडा मिळाला, म्हणून तो जागेवरच होता, असे आपल्या पत्रात म्हटले आहे. त्यांना तो कसा मिळाला हे मी विचारून घेतले आहे. आठव्या झेंड्यानंतर सगळ्यांना पुलावर नारिंगी रंग दिसला आणि सगळे तिकडे पळाले. पहिला आलेला धावपटू सरळ मनाचा आहे. तो म्हणाला, "काकू, खरं सांगू का, नवव्याला आम्ही नकाशा बघितलाच नाही." बेचाळीस जण नकाशा न बघता बरोबर ठरले. त्रेचाळिसावी मी. माझी लांबची नजर अधू आहे, मला पुलावरचे काही दिसले नाही, म्हणून मी नकाशा वाचला आणि घळीत गेले.

७. घळ नकाशात जशी आहे तशीच तिथे होती. दोन कोरडे ओढे एकत्र येतात, डावीकडे माणसाएवढा खडक आहे, उजवीकडे पडलेले झाड. झेंडा नव्हता. मी माघारी आठव्या झेंड्याशी गेले, पावले मोजत पुन्हा आले. पुन्हा तीच जागा. तिसऱ्यांदा वेगळ्या बाजूने आले आणि पुन्हा त्याच खडकापाशी पोचले. तेव्हा मी खाली बसून जमीन पाहिली. काठी उपटल्याचे ताजे भोक होते, आणि शेजारच्या काट्याला नारिंगी धागा अडकला होता. धागा दुहेरी होता. चोवीस झेंड्यांपैकी एकाच झेंड्याला मी दुहेरी धागा घातला आहे, कारण नारिंगी कापड कमी पडले आणि तिथे जोड द्यावा लागला. तो नववा, त्यावरचा नऊचा आकडाही मीच शिवला आहे. माझ्या हातची शिवण मला कळू नये एवढी मी म्हातारी झालेले नाही.

८. इथे माझी एक चूक झाली आणि ती मी लिहून देते. झेंडा जागेवर नसेल तर स्पर्धकाने पुढे जावे आणि शेवटी तक्रार करावी, असा नियम आहे. मी पुढे गेले नाही. मी त्या खडकाला टेकून बसले. एवढ्या लोकांनी येऊन काय पाहिले असेल, कोणीच कसे काही म्हणाले नाही, या विचाराने मला त्या जागेवरून उठवेना. मी बरोबर जागी होते आणि मला कोणीतरी तिथे येऊन ते म्हणावे असे वाटत होते. हा हट्ट होता. स्पर्धा बंद व्हायची साडेबाराची वेळ त्या हट्टापायी टळली, हेही मान्य. पण हट्टाला हट्ट लिहावे.

९. पाऊण वाजता आपले शोधपथक निघाले. त्यात वनरक्षक, जीपचे ड्रायव्हर आणि कर्णा घेतलेले तेच लिपिक होते. माझ्यापासून चाळीस पावलांवरून ते दोनदा ओरडत गेले, "हरवलेल्या मावशी, आवाजाच्या दिशेने या." काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला. मी ओ दिली नाही, कारण हरवलेल्या मावशी मी नव्हते. तिसऱ्यांदा आवाज आला तो फार लांबून आणि जरा रडवेला. तेव्हा मला दया आली आणि मी हाक मारली की मी नऊ क्रमांकावर आहे, तुम्ही कुठे आहात? कर्ण्यातून उत्तर आले, "ते आम्हाला माहीत नाही, पण तुम्ही जागच्या हलू नका."

१०. मी हलले नाही. माझ्या हाकांवर हाका देत अर्ध्या तासाने तिघे घळीत उतरले. लिपिकांच्या विजारीचा गुडघा फाटला होता. जीप कोणत्या बाजूला आहे यावर तिघांची तीन मते होती. वनरक्षक म्हणाले की त्यांची बदली होऊन दोनच महिने झालेत आणि हा भाग त्यांच्याकडे कालच आला. शेवटी मी नकाशा लावला, होकायंत्र धरले आणि पुढे चालू लागले. चढावर ड्रायव्हरनी माझ्या पाठपिशवीचा पट्टा धरला होता, तो मी धरू दिला. बावीस मिनिटांत जीप आली. जीपपाशी पोचताच लिपिकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तेवढ्यात कोणीतरी फोटो काढला.

११. तो फोटो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आला. त्याखाली लिहिले होते की बेपत्ता वृद्धेला सुखरूप शोधून काढण्यात पथकाला यश. आपण तिघांना प्रशस्तिपत्रे दिलीत. तेही मी गिळले असते. पण त्या समारंभात पथकाला पुष्पगुच्छ देण्यासाठी मला बोलावलेत, आणि मी नको म्हटल्यावर लिपिक माझ्या दुकानात येऊन म्हणाले की सापडलेल्या व्यक्तीने आभार मानण्याची पद्धत आहे. खरे सांगते, मला शिसारी आली. मी त्यांची विजार शिवून दिली, शिवण पक्की घातली आणि त्यांना वाटेला लावले.

१२. आता मुख्य गोष्ट. माझा मुलगा दंतवैद्य आहे. त्या दुपारी आपल्या कार्यालयाने त्याला फोन केला की तुमची आई हरवली आहे. पेशंट खुर्चीत आ वासून बसलेला असताना तो तसाच निघाला. रानाच्या फाटकाशी तो उभा होता तेव्हा त्याच्या अंगात पांढरा डगला आणि हातात मोजे तसेच होते. मला पाहिल्यावर तो नुसता माझ्या चपलांकडे बघत राहिला. त्याचा मला राग नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही घाबरले असते. पाच दिवसांनी त्याला आपले पत्र आले की यापुढे आपल्या मातोश्रींना एकटे सोडू नये, आणि पन्नाशीपुढच्या स्पर्धकांना नातेवाइकांच्या हमीपत्राशिवाय प्रवेश नाही. पत्राला सरकारी शिक्का होता. आईचा शब्द एकीकडे आणि शिक्का दुसरीकडे. त्याने शिक्क्यावर विश्वास ठेवला.

१३. त्याने माझ्यासाठी एक कार्ड करून आणले. प्लास्टिकमध्ये घातलेले, गळ्यात घालायच्या दोरीसकट. त्यावर माझा फोटो, त्याचा नंबर आणि हे वाक्य आहे : 'यांना रस्ता आठवत नसल्यास कृपया फोन करावा.' त्याने ते प्रेमाने केले, म्हणून मी तीन आठवडे गळ्यात घातले. भाजीवाली माझ्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागली. एका गिऱ्हाइकाने स्वतःच्या मुलाचे माप घरून लिहून आणले, मी विसरेन म्हणून.

१४. हेही मी सोसले असते. माझी नात सात वर्षांची आहे. शाळा सुटली की तिला घरी मीच आणत असे. फाटकापासून आमच्या दारापर्यंत माझी चारशे बारा जोडपावले (दोन पावलांचे एक), तिची साडेसहाशे. मी तिला गल्ल्यांचा नकाशा काढून दिला होता आणि रोज ती मला वेगळ्या वाटेने घरी न्यायची. एकदा पिठाच्या गिरणीमागून नेले, एकदा छापखान्याच्या बोळातून, जिथून जाता येते हे मलाही माहीत नव्हते. आपले पत्र आल्यापासून मुलाने शाळेत कळवले आहे की आजीच्या ताब्यात मुलगी देऊ नये. आता ती गाडीने येते. गेल्या आठवड्यात तिने माझा हात धरून हळूच विचारले, "आजी, तुला घर सापडतं ना?" मी सापडते म्हटले. तिने मान डोलावली, पण हात सोडला नाही.

१५. मुलाला मी घळ दाखवायला न्यायला तयार आहे, धागा दाखवला, सरांनी येऊन सांगितले. तो म्हणतो, आई, मला पटतं गं, पण कार्यालयाने तसं लिहून देऊ दे. म्हणून मी आपल्या दारात आले. पहिल्या अर्जावर उत्तर मिळाले की धागा हा पुरावा होऊ शकत नाही. दुसरा अर्ज तिसऱ्या मजल्यावर गेला आणि तिसरा त्याला शोधायला. आता तिन्ही सापडत नाहीत, आणि सापडत नाहीत हे सांगताना कोणाच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलत नाही. कुंड्यांत चहाचा गाळ, फायलींवर तेलकट बोटे, जिन्यातल्या बाकाखाली गेल्या वर्षीच्या स्पर्धेचे माझेच झेंडे चुरगळून पडलेले, आणि त्यातल्या एकाने कोणीतरी टेबल पुसलेले. ते मी उचलून घरी नेले आणि धुतले. त्याची तक्रार करायची असल्यास वेगळा अर्ज करीन.

१६. मी आपल्याला भेटायला सात वेळा आले. पहिल्यांदा खोली नऊमध्ये पाठवले, तिथे भांडार होते. मग पाटीवर नऊ असलेली जागा चौदा झाली असे कळले आणि चौदाची कोणती झाली ते कोणाला माहीत नव्हते. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे मी लहानपणापासून ऐकते. पण थांबायचे कुठे हे तरी नक्की असावे. शेवटी मी घरून कागद आणला, पावले मोजली आणि आपल्या इमारतीचा नकाशा काढला. मुख्य दारावर त्रिकोण आहे. पंखा बिघडलेली खिडकी, तीन पायांचे कपाट, पाण्याचे पिंप, सगळे क्रमाने आहे. जिन्यापासून आपल्या टेबलापर्यंत एकतीस जोडपावले होतात. आपल्या खुर्चीवर मी दुहेरी वर्तुळ काढले आहे. नकाशा सोबत जोडला आहे. आपल्या कर्मचाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

१७. तरी विनंती की, नोंदवहीतला 'हरवली' हा शब्द खोडून तिथे 'नकाशाप्रमाणे योग्य जागी होती' असे लिहावे. एवढे लांब बसत नसेल तर 'हट्टी' लिहावे. ते खरे आहे आणि त्याबद्दल कोणी नात काढून घेत नाही. तसे लेखी पत्र माझ्या मुलाला पाठवावे, त्याच शिक्क्यासह. हमीपत्राची अट काढावी. पहिल्या आलेल्या धावपटूचे बक्षीस काढून घेऊ नये, त्याने निदान खरे तरी सांगितले. मला बक्षीस नको, माफी नको, पुष्पगुच्छ तर मुळीच नको.

१८. हा अर्ज मी टपालाने पाठवत नाही आणि खाली खिडकीतही देत नाही. नकाशा पाहत येऊन आपल्या टेबलावर स्वतः ठेवीन. सातही वेळा शोधत शोधत शेवटी मी बरोबर जागी आले होते. खुर्ची होती, चष्मा होता, अर्धा चहा होता. आपण नव्हतात. अर्धा अर्धा तास मी आपल्या खुर्चीसमोर उभी राहिले. तरीही महोदय, आपण हरवलात असे मी कोणत्याही वहीत लिहिलेले नाही आणि आपल्या घरी फोन केलेला नाही.

कळावे, आणि या वेळी खरोखरच कळावे.

आपली, अजूनही नम्र,
(सही)
स्पर्धक क्रमांक ४३
गणवेशवाल्या काकू

दिनांक : २१ नोव्हेंबर
वेळ : सकाळी ११ वाजून १० मिनिटे
ठिकाण : खोली क्रमांक १४, आपल्या खुर्चीसमोर

सोबत :
१) स्पर्धेचा नकाशा, नवव्या वर्तुळासह.
२) काट्यावर सापडलेला नारिंगी धागा, दुहेरी, कागदाच्या पुडीत.
३) आपल्या इमारतीचा नकाशा, मी काढलेला.
४) शाळेपासून घरापर्यंतचा नकाशा, नातीने रंगवलेला. (हा मात्र परत हवा.)
५) गळ्यातले कार्ड, दोरीसकट. (हे परत नको.)